पेअर लावायचंय, पण कोणतं?

एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा आला की आमच्या एडिसनमध्ये रस्त्याच्या कडेची आणि पार्किंग लॉटमधली झाडं दोन दिवसांत पांढरीशुभ्र होतात. नव्यानं आलेल्या मंडळींना ती चेरीची वाटतात. गाडीची काच खाली केली की मात्र मासळीबाजाराची आठवण यावी असा वास येतो आणि काच पुन्हा वर जाते. ही झाडं म्हणजे 'ब्रॅडफर्ड पेअर'. नाव पेअर, पण फळ गोटीएवढं, तपकिरी आणि फक्त पक्ष्यांच्या उपयोगाचं.

दर वर्षी हा बहर आला की आम्हां दोघांना हमखास दोन-तीन फोन येतात. "ही झाडं इथे एवढी माजतात, तर मग खायचं पेअर बॅकयार्डमध्ये का नाही लावायचं? तुम्ही कुठलं लावलंय?" फोनवर सांगून सांगून दमलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात ब्रॅडफर्डपासूनच करू, कारण ती झाडं या देशात आली तीच मुळी एका रोगापायी. पेअरचा इथला मोठा शत्रू म्हणजे 'फायर ब्लाइट'. आपल्या भाषेत करपाच, पण बटाट्या-टोमॅटोवरचा करपा बुरशीचा असतो, हा जिवाणूचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं बागाच्या बागा जाळल्या, तेव्हा सरकारी शास्त्रज्ञांनी चीनमधून रानटी 'कॅलरी पेअर'चं बी मागवलं. हेतू असा की मूळ या काटक झाडाचं ठेवायचं आणि वर चांगल्या जातीचं कलम बांधायचं. त्या रोपांतलं एक दिसायला देखणं निघालं. त्याला ब्रॅडफर्ड नाव देऊन १९६३ साली शोभेचं झाड म्हणून बाजारात आणलं. पुढे त्याचा इतर कॅलरी पेअरशी संकर होऊन काटेरी रान माजलं. ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिना या राज्यांनी आता त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. तेव्हा रस्त्यावर ब्रॅडफर्ड जोमानं वाढतंय म्हणून अंगणात खायचं पेअरही तसंच वाढेल, हा हिशेब चुकतो. त्या झाडाचा काटकपणा त्याच्या रक्तातला आहे. दुकानात मिळणाऱ्या पेअरच्या अंगी तो बहुधा नसतो.

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबानं मुलगा किंडरगार्टनला गेला त्या वर्षी बार्टलेटचं झाड लावलं. झाडाशेजारी मुलाला उभा करून दर वर्षी फोटो काढायचा, असा नेम. सातव्या वर्षी झाड फुलांनी लगडलं. फुलं असतानाच चार दिवस उबदार पाऊस झाला. मे संपता संपता फांद्यांची टोकं काठीच्या मुठीसारखी वाकली, पानं काळी पडली, पण गळेनात. कोणी गॅस-ग्रिलच्या ज्वाळेवर झाड धरलंय असं दिसत होतं. जुलैत बुंध्यापासून कापावं लागलं. नर्सरीवाल्यानं झाड विकताना या रोगाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मुलगा आता कॉलेजात आहे. फोटोंच्या ओळीत सातव्या वर्षानंतर झाड नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की पेअरची जात निवडताना पहिला प्रश्न 'गोड कुठलं?' हा नसावा. 'न्यू जर्सीच्या मे महिन्यात टिकणारं कुठलं?' हा असावा. गोडीचा प्रश्न त्यानंतर, आणि सुदैवानं टिकाऊ जातींतही गोड फळं आहेत.

फायर ब्लाइट कसा पसरतो हे एकदा समजलं की अर्धं काम होतं. हा जिवाणू हिवाळाभर फांदीवरच्या जुन्या जखमांत दडून बसतो. वसंतात तिथून चिकट द्रव पाझरतो. माश्या, मधमाश्या आणि पावसाचे थेंब तो फुलांपर्यंत नेतात. ६५ अंश फॅरनहाइटच्या वर ऊब आणि जोडीला ओल मिळाली की फुलातून डहाळीत, डहाळीतून फांदीत असा तो उतरतो. वनस्पतींनाही जिवाणूमुळे रोग होतो, हे जगात पहिल्यांदा याच रोगावरून कळलं. इलिनॉयच्या टॉमस बरिल यांनी १८७० आणि ८० च्या दशकांत ते दाखवलं. मूळ रोगही इथलाच. हडसन नदीच्या खोऱ्यात अठराव्या शतकाच्या शेवटी त्याची नोंद झाली. पूर्व किनाऱ्यावरचा पेअरचा धंदा पुढे कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या कोरड्या हवेत गेला त्यामागे हे एक मोठं कारण आहे. दुकानातल्या पेअरवर तिकडचंच लेबल का असतं, ते यावरून लक्षात येईल.

सोलापूर, सांगोला, नाशिक भागात ज्यांची शेती आहे त्यांना डाळिंबावरचा 'तेल्या' आठवेल. तोही जिवाणूचाच रोग. त्यावर तिकडे स्ट्रेप्टोसायक्लिन फवारायचे, ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं. त्यातलं मुख्य औषध स्ट्रेप्टोमायसिन, आणि इथे फायर ब्लाइटवर फवारतात तेही स्ट्रेप्टोमायसिनच. आता गंमत बघा. हे औषध सापडलं ते आमच्या घरापासून रॅरिटन नदीपलीकडे, न्यू ब्रन्सविकच्या रटगर्स विद्यापीठात. १९४३ साली सेल्मन वॅक्समन यांचा विद्यार्थी आल्बर्ट शाट्झ यानं कृषी महाविद्यालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत ते वेगळं केलं, शेणखत घातलेल्या मातीतल्या जिवाणूपासून. क्षयरोगावरचं ते पहिलं परिणामकारक औषध. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या किती जणांना त्यानं वाचवलं असेल! वॅक्समनना १९५२ चं नोबेल मिळालं, शाट्झला नाही. त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

घरच्या दोन झाडांसाठी हे औषध मारत बसावं या मताचे आम्ही नाही. ते ऐन बहरात, नेमक्या वेळी मारावं लागतं, आणि वारंवार मारलं की जिवाणू त्याला दाद देईनासा होतो. नोकरी, मुलांचे क्लास आणि मंडळाच्या मीटिंगा सांभाळून हे कोणी करायचं? त्यापेक्षा मुळात जातच अशी लावावी की औषधाची वेळ येऊ नये.

आता जातींकडे वळू. पेअरची दोन घराणी आहेत. एक युरोपियन, म्हणजे निमुळत्या मानेचं, पिकल्यावर लोण्यासारखं मऊ होणारं. दुसरं आशियाई, सफरचंदासारखं गोल, झाडावरच पिकणारं आणि कुरकुरीत.

युरोपियन घराण्यात बार्टलेट सगळ्यांच्या ओळखीचं. इंग्लंडमध्ये याचं नाव विल्यम्स. तिथून ते मॅसॅच्युसेट्सला आलं. ज्या इस्टेटीत ती झाडं होती ती ईनॉक बार्टलेट नावाच्या गृहस्थांनी घेतली. मूळ नाव ठाऊक नसल्यामुळे त्यांच्याच नावानं ते देशभर पसरलं. (अमेरिकेत येऊन नाव बदललेले आपल्याही ओळखीत काही कमी नाहीत!) फळ उत्तम, पण फायर ब्लाइटला अगदी सहज बळी पडतं. तपकिरी सालीचं बॉस्क त्याच माळेतलं. ही दोन्ही एडिसनमध्ये लावू नयेत, असं आम्ही स्पष्टच सांगतो.

त्यांच्याऐवजी काय? सरकारी संशोधकांनी मेरीलँड आणि वेस्ट व्हर्जिनियात याच रोगाविरुद्ध पिढ्यानपिढ्या संकर केले. त्यातून १९६० साली मूनग्लो आणि मॅग्नेस, १९९३ साली पोटोमॅक, १९९८ साली ब्लेक्स प्राइड अशा जाती बाहेर पडल्या. कॅनडात ऑन्टारिओच्या हॅरो केंद्रातून हॅरो स्वीट आणि हॅरो डिलाइट आल्या. यांतलं हॅरो स्वीट आमचं सगळ्यांत आवडतं. चव बार्टलेटच्या जवळची, गोडी किंचित जास्त, आणि झाड लवकर फळायला लागतं. मॅग्नेस चवीला अप्रतिम, पण पहिलं फळ यायला सहा-सात वर्षंही लागू शकतात. घर विकायचा विचार असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि सेकल! हे फिलाडेल्फियाजवळ अठराव्या शतकात आपोआप उगवलेलं झाड, म्हणजे अगदी आपल्या शेजारचं. फळ लिंबाएवढं, दिसायला मळकट, पण गोडी चिक्कूशी स्पर्धा करणारी. झाड मुळातच लहान राहतं आणि रोगालाही बऱ्यापैकी तोंड देतं. मुलांच्या लंचबॉक्समध्ये अख्खं मावतं. आमच्या घरात सेकल की शिन्को यावर दोन पक्ष आहेत आणि तडजोड म्हणून दोन्ही झाडं उभी आहेत.

शिन्को म्हणजे आशियाई घराण्यातलं. या घराण्याबद्दल आम्ही जरा सविस्तर लिहिणार आहोत, कारण आपल्या मराठी जिभेला तेच जास्त मानवतं असा आमचा अनुभव आहे. सांगलीहून आलेल्या आत्यांना पहिल्यांदा शिन्कोची फोड दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, हा तर पेरूच की! तिखट-मीठ आण बघू." तिखट-मीठ आलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे ते तसंच खाल्लं जातं.

आत्यांचं म्हणणं वाटतं तितकं भाबडं नाही. पेरूच्या गरात जे कण दाताखाली येतात त्यांना वनस्पतिशास्त्रात दगडपेशी म्हणतात, आणि पेअरमध्येही तशाच दगडपेशी असतात. शब्दाचीही तीच कथा. पेरू हे फळ मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांबरोबर ते आपल्याकडे आलं, आणि त्यांच्या भाषेत 'पेरा' म्हणजे पेअर. त्या नावावरून आपला 'पेरू' झाला. पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९२७ साली डॉ. चीमा यांनी निवडलेला लखनौ-४९, म्हणजे 'सरदार' पेरू, खाल्लेल्या माणसाला एडिसनच्या दुकानातला दमलेला पेरू घशाखाली उतरत नाही. आणि इथल्या थंडीत पेरूचं झाड बाहेर जगत नाही. पेअरचं नेमकं उलटं. हिवाळ्यात शेकडो तास चांगली थंडी मिळाल्याशिवाय ते नीट फुलतच नाही, म्हणून महाराष्ट्रात त्याच्या बागा दिसत नाहीत आणि नासपती हिमाचल-काश्मीरहून येते.

आशियाई जातींत फायर ब्लाइटला पुरून उरणारी म्हणून शिन्कोचं नाव पहिलं घ्यावं लागेल. फळ सोनेरी-तपकिरी, सप्टेंबरात तयार होतं. होसुई चवीला त्याहून रसाळ, साधारण ऑगस्टअखेरीपासून मिळतं, म्हणजे बऱ्याच वर्षी गणपतीच्या नैवेद्याला घरचं फळ होतं. मात्र ते शिन्कोइतकं कणखर नाही. तिसरं कोरियन जायंट. काही ठिकाणी त्याला ऑलिम्पिक म्हणतात. एकेक फळ लहान नारळाएवढं, ऑक्टोबरात उतरतं आणि फ्रिजमध्ये काही महिने टिकतं. दसरा-दिवाळीला पाहुण्यांपुढे एकच फळ कापलं तरी ताटली भरते.

एक झाड लावून मात्र बहुधा भागत नाही. पेअरला फळ धरायला दुसऱ्या जातीचे पराग लागतात, आणि दोघांचा बहर एकाच वेळी यायला हवा. म्हणजे पत्रिका जुळवणं आलंच! आशियाई घराणं जरा आधी फुलतं, युरोपियन मागाहून, म्हणून शक्यतो एकाच घराण्यातली दोन घ्यावीत. शिन्को आणि होसुई, किंवा शिन्को आणि कोरियन जायंट हे स्थळ चांगलं. युरोपियनमध्ये हॅरो स्वीट आणि पोटोमॅक, किंवा सेकल आणि मूनग्लो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सेकल आणि बार्टलेट सगोत्र असल्यासारखे वागतात, एकमेकांना फळ धरू देत नाहीत. आणि मॅग्नेसचे पराग वांझ असतात, ते घेईल पण देणार नाही. त्यामुळे मॅग्नेस लावलं तर आणखी दोन जाती लागतात.

जागा कमी म्हणून नर्सरीत 'एकाच झाडावर चार जाती' असं कलम मिळतं. कल्पना मोहात पाडणारी आहे. पण त्या चारांत बहुतेक वेळा बार्टलेट असतंच. त्याच्या फांदीतून रोग बुंध्यात उतरला की बाकीच्या तिघांनाही घेऊन जातो. आम्ही तरी ते घेणार नाही.

कलमाच्या वरच्या भागाइतकंच खालचं मूळ महत्त्वाचं. पाटीवर 'ओएचएक्सएफ' ही अक्षरं आणि पुढे ८७ किंवा ३३३ असा आकडा शोधा. ओल्ड होम आणि फार्मिंगडेल या दोन रोगप्रतिकारक जातींच्या नावांवरून ही अक्षरं आली आहेत. त्यांच्यावरचं झाड पूर्ण उंचीच्या साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश उंचीचं राहतं, म्हणजे शिडीवर चढून फळं काढताना घरच्यांचा जीव टांगणीला लागत नाही. दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर आणि दिवसाचे सहा-आठ तास ऊन एवढं मिळालं की आपल्या इकडच्या पाव एकराच्या प्लॉटमध्येही दोन झाडं आरामात बसतात. टाउनहाउसवाल्यांनी आधी आपल्या असोसिएशनला विचारावं हे बरं.

एडिसनची माती खणली की तांबडी निघते आणि कोकणातल्या माणसाला उगाच भरून येतं. पण ही जांभ्याची नव्हे. लाल शेल खडकाची, चिकट, पाणी धरून ठेवणारी. पेअरला ती सफरचंद आणि पीचपेक्षा जास्त सोसते, तरी पावसानंतर डबकं साठतं त्या कोपऱ्यात लावू नये. रटगर्सच्या प्रयोगशाळेत थोड्या पैशांत माती तपासून मिळते, आणि काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसमध्ये जाणती माणसं फोनवर सल्ला देतात. तपासणीत आम्लता सहा ते पावणेसातच्या दरम्यान आली तर पेअर खूश.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्या. लॉनवाल्यांना झाडाच्या घेरापासून दूर राहायला सांगा. भरमसाट नायट्रोजन मिळाला की झाड लुसलुशीत कोंब फेकतं, आणि फायर ब्लाइटला तेच आवडतात. एखादी डहाळी काळी पडलेली दिसली तर काळ्या भागाच्या वीतभर-दीडवीत खाली, निरोगी लाकडात काप घ्यायचा. प्रत्येक कापानंतर कात्री अल्कोहोलनं पुसायची आणि कापलेलं कचऱ्यात टाकायचं, कंपोस्टमध्ये नाही.

हरणांबद्दल काय लिहावं? कुंपण घाला, एवढंच. खारींशी आमचा तह झालेला नाही. १९९० च्या दशकात अ‍ॅलनटाउनला प्रथम सापडलेला तो तपकिरी ढेकणासारखा स्टिंक बग फळात सोंड खुपसतो आणि आत बुचासारखे डाग पडतात. फळ लिंबाएवढं झालं की त्यावर कागदी पिशवी बांधणं हा आमचा उपाय. त्याआधी विरळणी करावी लागते. आशियाई पेअर एका झुबक्यात चार-पाच फळं धरतं, त्यातलं एकच ठेवायचं. आपल्या बायकामाणसांचा हात धजत नाही, पण नाही तोडली तर फळं सुपारीएवढी राहतात, फांद्या मोडतात आणि पुढच्या वर्षी झाड रुसतं.

काढणीत दोन घराण्यांचे रिवाज वेगळे. आशियाई फळ झाडावरच पिकू द्या आणि चाखून काढा. युरोपियन मात्र झाडावर पिकवलं तर आतून, गाभ्यापासून सडतं. नासपतीच्या नावातच नास आहे, असं आमचे एक मित्र म्हणतात. फळ टणक असतानाच हातात धरून आडवं करायचं. देठ सहज सुटला तर तयार. मग काही दिवस फ्रिजमध्ये, नंतर ओट्यावर, आणि मानेजवळ अंगठ्यानं दाबून मऊ लागलं की त्याच दिवशी खायचं. जास्त झाली तर शिकरण करा. आशियाई पेअरची कोशिंबीर दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि लिंबू घालून फार चांगली होते. किफर नावाची जुनी, टणक जात कोणाकडे असेल तर तिचा मुरंबा घालावा, नुसती खाऊ नये.

या वयात झाड लावायचं का, असा प्रश्न आमच्या पिढीतले पुष्कळ जण विचारतात. मुलं कॅलिफोर्नियाला, आपण फ्लोरिडाला जायच्या बेतात, मग फळं खाणार कोण? न्यूयॉर्कचे डच गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट यांनी १६४७ साली हॉलंडहून पेअरचं रोप आणून लावलं होतं. मॅनहॅटनच्या थर्ड अ‍ॅव्हेन्यू आणि तेराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ते १८६७ पर्यंत उभं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या डॅनव्हर्समध्ये जॉन एंडेकॉट यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लावलेलं पेअर तर आजही जिवंत आहे. दोघेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. घर विकलं तरी झाड जागेवर राहतं आणि नव्या घरमालकाला निदान कुठली जात ते सांगता येतं. आम्ही तर जातीचं नाव आणि लावल्याचं साल खिळ्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून खालच्या फांदीला सैल तारेनं अडकवलं आहे. कागदी लेबल दोन हिवाळ्यांत जातं.

रोपं मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच मागवा. चांगल्या रोगप्रतिकारक जाती मोठ्या दुकानांत सहसा नसतात आणि कॅटलॉगवाल्यांकडच्या एप्रिलपर्यंत संपतात. ती उघड्या मुळांनी, सांगाड्यासारखी येतात. बघून निराश होऊ नका, रात्रभर मुळं पाण्यात ठेवा आणि मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत लावून टाका. कलमाचा सांधा मातीच्या दोन-तीन बोटं वर राहू द्या. पहिल्या दोन वर्षांत धरलेली फळं काढून टाकायची असतात. एखादं चुकून पानाआड राहिलं तर आम्ही काही बोलणार नाही.